करंजेल आणि धूर

वनस्पतीपासून निघालेले ते सारे निर्मळ, ही आपली समजूत भाबडी आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले होते. आज आपल्या नदीकाठच्या करंजाच्या तेलापासूनही, मेथॅनॉलच्या प्रक्रियेने, जैवडिझेल सिद्ध होते. त्यात सुमारे ११ टक्के प्राणवायू असल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते व काजळी घटते. परंतु नायट्रोजनची ऑक्साइडे बहुधा किंचित वाढतात. धुराचा काही अंश थंड करून पुन्हा इंजिनात सोडल्यास ज्वलनाचे तापमान उतरून तीही आवरतात. मात्र प्रमाण चुकले की काजळी परतते. तेव्हा इंधन पालटले तरी यंत्राची निगा सुटत नाही. विद्यार्थिमित्रहो, बसचा धूर आपल्याच फुप्फुसांत शिरतो. नुसत्या नावाला न भुलता तो मोजण्याचा आग्रह धरा.