आपत्तीला ‘अतिरिक्त कार्यभार’ पुरत नाही

बचावाचे कौतुक होते, पण तयारी कोणाच्या खिजगणतीत नसते. आपत्ती व्यवस्थापन हे कायमस्वरूपी आणि प्रशिक्षित माणसांचे काम आहे, हे महाराष्ट्राने आता मान्य करायला हवे.

दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. पूररेषेतील गावांची यादी समोर येते, बोटी आणि लाइफ जॅकेट किती आहेत ते सांगितले जाते, नियंत्रण कक्ष चोवीस तास सुरू ठेवण्याचे आणि मुख्यालय न सोडण्याचे आदेश निघतात. या बैठका आवश्यकच आहेत. पण बैठक उठल्यावर त्या बोटीचे इंजिन प्रत्यक्ष सुरू करून कोण बघतो? यादीतल्या पोलीस पाटलाला फोन लावून तो नंबर चालू आहे की नाही, याची खात्री कोण करतो? डोंगराखालच्या वाडीवर पायी जाऊन तिथल्या म्हाताऱ्या माणसांना रात्री कुठे आणि कसे हलवायचे, हे कोण ठरवतो? बहुतेक ठिकाणी ही जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याच्या टेबलावर आधीच चार खात्यांच्या फायली असतात. आपल्या आपत्ती व्यवस्थापनाचा खरा कमकुवत दुवा हा आहे.

या विषयाचे भान महाराष्ट्राला उशिरा आले असे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गाडली गेली. त्यातून धडा घेऊन जिल्हावार आपत्ती आराखडे आणि नियंत्रण कक्ष उभारणाऱ्या देशातल्या पहिल्या काही राज्यांत आपण होतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच सुमारास महाड तालुक्यात जुई, दासगावसारख्या गावांवर दरडी आल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस देशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि त्यांच्यासोबत सहअध्यक्ष म्हणून जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, अशी स्पष्ट रचना या कायद्याने केली. जिल्हा आराखड्याचा दरवर्षी फेरआढावा घेणे बंधनकारक केले. कागदावरची ही चौकट भक्कम आहे.

चौकटीत काम करणाऱ्या माणसांचे मात्र तसे नाही. जिल्हास्तरावर या कामाचा भार निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांवर येतो. राजशिष्टाचार, कायदा-सुव्यवस्था, निवडणुका, आंदोलकांची निवेदने हे सारे सांभाळून उरलेल्या वेळात आपत्ती. त्यांच्या हाताखालचे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी हे पद अनेक जिल्ह्यांत वर्षानुवर्षे कंत्राटी राहिले. ज्या माणसाला जिल्ह्यातली प्रत्येक नदी, प्रत्येक घाट, प्रत्येक धोकादायक साकव तोंडपाठ असायला हवा, त्याला स्वतःची नोकरी पुढच्या वर्षी असेल की नाही हे ठाऊक नसते. नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसणारे कर्मचारी इतर कार्यालयांतून पाळीपाळीने आणलेले. 1077 या मदत क्रमांकावर मध्यरात्री घाबरलेल्या माणसाचा फोन आला, तर त्याच्याकडून गावाचे नाव, पाण्याची उंची, अडकलेल्यांची संख्या कशी काढून घ्यायची याचे शिक्षण त्यातल्या किती जणांना मिळालेले असते? हे कर्मचारी कष्टाळू आहेत, पण त्यांना तयार करण्याची जबाबदारी सरकारची होती.

ही उणीव किती महागात पडते, ते सह्याद्रीने पुन्हा पुन्हा दाखवले आहे. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले आणि 151 जणांचा बळी गेला. गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. 22 जुलै 2021 च्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला, ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पुराने आणि दरडींनी रस्ते बंद होते, त्यामुळे बचाव पथके पोहोचेपर्यंत गावकरीच हाताने माती उपसत होते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर तेच संकट आले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. वर जायला फक्त पायवाट, त्यामुळे यंत्रे नेता आली नाहीत आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरही उडू शकले नाही. मदतीसाठी चढ चढत असतानाच अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांच्या शौर्याबद्दल दुमत नाही. पण त्यांची पाचवी बटालियन तळेगावजवळ आहे, आणि ज्या पावसाने कोकणातले गाव गाडले जाते तोच पाऊस घाटही बंद करतो. म्हणजे अडकलेली माणसे जगणार की नाही, याचा निर्णय पहिल्या काही तासांत त्या तालुक्यातच होतो. पर्जन्यमापकाचा आकडा अमुक मिलिमीटरच्या वर गेला की वाडी रिकामी करायची, हे आधी ठरलेले हवे आणि तो हुकूम देण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याकडे हवा. वरून फोन येण्याची वाट पाहण्यात रात्र जाते.

यासाठी लागणारी पद्धत नव्याने शोधायची नाही. कॅलिफोर्नियात 1970 मध्ये लागलेल्या भीषण वणव्यांनंतर तिथल्या यंत्रणांच्या लक्षात आले की पाणी आणि माणसे असूनही कोण कोणाला आदेश देतो हेच स्पष्ट नव्हते. त्यातून घटनास्थळाच्या व्यवस्थापनाची शिस्त जन्मली. तिचे भारतीय रूप म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये काढलेली घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे. घटनास्थळी एकच प्रमुख, आणि त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कारवाई, नियोजन व साधनपुरवठा असे तीन विभाग. माध्यमांशी बोलणारा वेगळा, इतर खात्यांशी समन्वय करणारा वेगळा. आणि एक सुरक्षा अधिकारी, ज्याला धोकादायक वाटणारी हालचाल जागेवर थांबवण्याचा अधिकार असतो.

या शेवटच्या पदाचे महत्त्व ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळने दाखवून दिले. पुरातून सुटका करणारी बोट क्षमतेहून जास्त माणसे घेऊन निघाली, उलटली आणि डझनाहून अधिक गावकरी बुडाले. काठावर ‘आता एकही माणूस चढणार नाही’ असे ठामपणे सांगणारा, आणि ज्याचे ऐकले जाईल असा कोणी नव्हता. आपल्याकडे या प्रणालीची पदे आराखड्यात भरलेली असतात, पण बदली झाली तरी नाव बदलत नाही आणि ज्याचे नाव आहे त्याला ते माहीत नसते.

ओडिशाने हे कोडे सोडवून दाखवले आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्याच वर्षी त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभे केले; 2005 चा देशव्यापी कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. पुढे स्वतःचे शीघ्र कृती दल, किनाऱ्यावर शेकडो निवारे, प्रत्येक निवाऱ्यासाठी गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक आणि वादळांच्या हंगामाआधी रंगीत तालमी. 2013 मध्ये फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले होते आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. ओडिशा आपल्याहून गरीब राज्य आहे. फरक सातत्याचा आहे.

आपल्याकडेही पुरावे आहेतच. मुंबई महापालिकेने 2005 नंतर आपत्कालीन नियंत्रण कक्षाला पूर्णवेळ विभागाचा दर्जा आणि माणसे दिली. आज भरतीच्या वेळा, पर्जन्यमापकांचे आकडे आणि 1916 या मदत क्रमांकावरच्या तक्रारी एकाच छताखाली तपासल्या जातात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे आता शाळकरी पोरही सांगते. 2019 चा महापूर अनुभवलेल्या प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतून 2021 मध्ये स्थलांतर पुष्कळ आधी सुरू झाले. अनुभव टिकवला तर जीव वाचतात. मात्र तो माणसांच्या आठवणीवर सोडून चालणार नाही, तो यंत्रणेत मुरायला हवा.

पावसाळा चार महिन्यांचा, मग बाराही महिने वेगळी माणसे कशाला, असा प्रश्न वित्त विभागाकडून येतो. उत्तर असे, की खरे काम उरलेल्या आठ महिन्यांतच असते. उष्माघात, रासायनिक कारखान्यांतल्या गळत्या, इमारतींच्या आगी, यात्रा-जत्रा पावसाची वाट बघत नाहीत. 2003 च्या नाशिक कुंभमेळ्यातील चेंगराचेंगरीत 39 भाविकांचा जीव गेला होता आणि 2027 चा कुंभमेळा त्याच शहराच्या वाट्याला आहे. पैशाची अडचणही पटणारी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्य आपत्ती निधीतला दहा टक्के हिस्सा केवळ पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीसाठी राखून ठेवला आणि या निधीत राज्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा राहिला.

तेव्हा मागण्या नेमक्या आहेत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याचे पद कायम करून त्याला बढतीची वाट असलेला स्वतंत्र संवर्ग द्यावा. नियंत्रण कक्षात प्रशिक्षित कर्मचारीच बसवावेत आणि त्यांच्यासह प्रत्यक्ष मदतीला जाणाऱ्या प्रत्येकाला विमा, विश्रांती आणि मानसिक आधार द्यावा. प्रत्येक बदलीनंतर आठवड्याच्या आत प्रतिसाद प्रणालीतली नावे बदलावीत. वर्षातून किमान एक तालीम पूर्वसूचनेविना, शक्य तर रात्री घ्यावी. आणि प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर काय चुकले, काय जमले याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत विधिमंडळासमोर ठेवावा. त्याचा हेतू दोषी शोधण्यापेक्षा पुढच्या जिल्ह्याला शहाणे करण्याचा असावा.

यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा करावा लागत नाही. 2005 च्या कायद्याने अधिकार दिलेले आहेत, राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद खुद्द मुख्यमंत्र्यांकडे आहे आणि निधीत या कामाचा हिस्सा ठरलेला आहे. हवा आहे तो पदनिर्मितीचा शासन निर्णय. मृतांच्या नातेवाइकांना मदत जाहीर करण्याचा निर्णय सरकार दरवेळी काही तासांत घेते. जिवंत माणसांना जिवंत ठेवणारा हा निर्णयही त्याच तत्परतेने घ्यावा.