फॉरमॅट मारण्याआधी दोन आकडे बघा

मंडळी, लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड आहे, तरी पायटॉर्च म्हणतं जीपीयू सापडत नाही. रिपेअरवाल्याकडे नेला की उत्तर ठरलेलं, ‘फॉरमॅट मारू.’ याला माझा स्पष्ट विरोध आहे. तुमची बिलं, ग्राहकांचे फोटो, सगळं त्याच मशीनवर असतं हो!

उबुंटूवर ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ असा एरर आला, तर बहुतेक वेळा एक रीस्टार्ट पुरतो. अपडेट आपोआप झालेलं असतं. लायब्ररी नवी आली, पण कर्नलमध्ये अजून जुनाच ड्रायव्हर चालू आहे, एवढाच घोळ.

रीस्टार्टनेही भागलं नाही किंवा विंडोज असेल, तर एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड चालवा. वर उजवीकडे कुडा व्हर्जन दिसतं. लोकांना वाटतं, हे इन्स्टॉल केलेलं कुडा. नाही! तुमचा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठपर्यंत पेलतो, तो हा आकडा. तिथे 11.4 आहे आणि तुम्ही कुडा 12 वालं पायटॉर्च टाकलंत, तर चालणार कसं? उलटं मात्र चालतं, म्हणजे ड्रायव्हर नवा आणि कुडा जुनं. म्हणून मी आधी ड्रायव्हर अपडेट करायला सांगतो. कुडा टूलकिट वेगळं उतरवत बसू नका, पायटॉर्च आपल्याला लागणारं कुडा सोबत आणतं.

दुसरा आकडा पायटॉर्चच्या व्हर्जनचा. त्याच्या शेवटी ‘सीपीयू’ लिहिलंय? विंडोजवर साध्या पिप इन्स्टॉलने हेच येतं. मग ड्रायव्हर कितीही बदला, उपयोग शून्य. ते काढा आणि पायटॉर्चच्या साइटवरून कुडावाली कमांड घ्या.