आजोबांच्या बंदुका विकायच्या आहेत? आधी भाव विचारू नका

भांडवल कसं उभं करायचं यावर आपण बोलतो तेव्हा एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "सर, घरात आजोबांच्या दोन-तीन बंदुका आहेत. विकून दुकानाचं डिपॉझिट भरता येईल का? सगळ्यात जास्त पैसे कुठे मिळतील?" व्हिडिओत दोन मिनिटांत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. बंदूक विकताना सगळ्यात जास्त भाव देणारा रस्ता बहुतेक वेळा सगळ्यात चांगला नसतो. शस्त्र कायदेशीर हातात जातं, तुमचं नाव कागदावरून स्वच्छ सुटतं आणि पैसे बँकेत येतात, तो रस्ता चांगला. बहुतेक घरांसाठी तो रस्ता म्हणजे परवानाधारक शस्त्र विक्रेता, आणि तोही जांगडवर.

का, ते सांगतो.

पहिली गोष्ट : माल तुमच्याकडे ठेवायचा अधिकार आहे का?

समजा, सातारा जिल्ह्यातलं एक घर आहे. आजोबा शिकारीच्या काळातले. कपाटात एक इंग्लिश बनावटीची डबल बॅरल बारा बोअर, एक .३१५ रायफल, एक .३२ रिव्हॉल्व्हर आणि थोडी काडतुसं. आजोबा गेले. नातवाला वाटतं, आता हे आपलंच.

मालकी वारसाने आली तरी जवळ ठेवायचा परवाना आपोआप येत नाही. परवाना आजोबांच्या नावावर होता. तुमच्या नावावर नसेल, तर शस्त्र आणि काडतुसं विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ हेच सांगतं. याच कलमात वारसांच्या फायद्याची गोष्टही आहे. जमा केलेलं शस्त्र, ते बाळगायला पात्र असलेल्या माणसाला विकून पैसे घेण्याचा हक्क वारसाला आहे. पण ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. म्हणजे "बघू नंतर" म्हणत बसलात, तर माल शून्य भावात जातो.

स्वतःच्या नावावर परवाना घेऊन सगळंच ठेवू, असं वाटत असेल तर २०१९ ची दुरुस्ती लक्षात घ्या. एका व्यक्तीला आधी तीन बंदुका ठेवता यायच्या, आता दोन. वारसाने आलेल्याही यात मोजल्या जातात. वरच्या उदाहरणात तिसरी बंदूक या नातवाला ठेवता येणारच नाही.

दुसरी गोष्ट : गिऱ्हाईक किती आहेत?

मी दुकान चालवतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक होऊ शकतो. बंदुकीचं तसं नाही. घेणाऱ्याकडे परवाना हवा, तो त्याच प्रकारच्या शस्त्राचा हवा, आणि त्याच्या दोनमधली एक जागा रिकामी हवी. म्हणजे बाजार आधीच छोटा, त्यातही वस्तूनुसार अजून छोटा.

रिव्हॉल्व्हरला मागणी बरी असते, कारण आज परवाना बहुतेक लोक स्वसंरक्षणासाठी मागतात. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंधनं आली, तेव्हापासून लांब बंदुकीचा गिऱ्हाईक कमी झाला. .३०३ रायफल किंवा ९ मिमी पिस्तूल निघालं, तर ती 'प्रतिबंधित बोअर'मध्ये येतात, आणि तसा परवाना असलेला माणूस शोधणं फारच अवघड.

उलट, चांगल्या अवस्थेतली जुनी परदेशी बनावट इथे भाव खाते. १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करणं जवळपास बंद आहे. त्यामुळे वेब्ली अँड स्कॉटसारखं नाव असलेला नग आणि साधा नग एका ढिगात विकू नका. "सगळं मिळून एवढे देतो" म्हणणारा चांगल्या नगाचे पैसे खातो. प्रत्येक नगाचा वेगळा भाव घ्या.

आणि कृपा करून पॉलिश करायला जाऊ नका. जुन्या नगाची मूळ झळाळी आणि नळीवरचे शिक्के हीच त्याची किंमत. शिवाय दुरुस्तीचा धंदाही परवान्याचाच आहे. गल्लीतल्या फिटरकडे बंदूक देणं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणं.

तिसरी गोष्ट : रस्ते तीन

एक, थेट परवानाधारकाला विकणं. कायदा परवानगी देतो, पण आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं. काय विकताय, कोणाला विकताय, त्याचं नाव-पत्ता. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं, मगच विक्री.

दोन, विक्रेत्याला रोख विकणं. लवकर मोकळे व्हाल, पण भाव कमी. त्याचे पैसे अडकणार, म्हणून तो पाडूनच मागणार. यात त्याची चूक नाही, धंदा असाच चालतो.

तीन, विक्रेत्याकडे जांगडवर ठेवणं. माल त्याच्या तिजोरीत, विकला गेला की तो कमिशन कापून पैसे देतो.

गणित मांडू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. थेट विक्रीत १,२०,००० मिळतात. जांगडवर तेवढ्यालाच विकली आणि १५ टक्के कमिशन गेलं, तर हातात १,०२,०००. रोख विकली तर ८०,०००. लोक म्हणतात, "अठरा हजार फुकट का द्यायचे?" फुकट नाही. त्या अठरा हजारांत गिऱ्हाईक शोधणं, त्याचा परवाना खरा आहे का आणि त्यावर यूआयएन क्रमांक आहे का हे तपासणं, माल सांभाळणं आणि नोंदी ठेवणं आलं. ही कामं तुम्हाला येतात का? चुकून अपात्र माणसाच्या हातात शस्त्र गेलं, तर प्रश्न अठरा हजारांचा राहत नाही, तुरुंगाचा होतो.

थेट विक्री कधी करावी? गिऱ्हाईक ओळखीचा, परवाना हातात घेऊन पाहिलेला आणि तुम्हाला घाई नसेल तेव्हा. बाकी वेळी विक्रेता. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून "इच्छुकांनी संपर्क करा" हे तर अजिबात नको.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून इथे निर्णय घेऊ नका. तिथे बंदुकांसाठी खास लिलावगृहं आहेत, बाजार मोठा आहे, कायदा वेगळा आहे. तिथला सल्ला तिथेच ठीक.

विक्रेत्याकडे जाताना

किमान दोन विक्रेत्यांकडून भाव घ्या. जांगडचं बोलणं लेखी करा. कमिशन किती, तिजोरीचं महिन्याचं भाडं किती, सर्वांत कमी किती भावाला विकायचं, किती महिन्यांनी माल परत. पावतीवर बनावट, बोअर आणि नगाचा क्रमांक हवाच, काडतुसांची संख्याही हवी. भाऊ-बहीण वारस असतील, तर सगळ्यांची लेखी संमती आधी घ्या. विक्री झाल्यावर परवाना शाखेत नोंद झाली की नाही, ते स्वतः जाऊन बघा. तोपर्यंत व्यवहार संपला असं समजू नका.

आता मूळ प्रश्न. दुकानाचं डिपॉझिट या पैशांतून भरायचं का? पैसे आले तर जरूर वापरा. पण ते येतील या भरवशावर गाळ्याची तारीख देऊ नका. ४५ दिवस कायद्याचे, गिऱ्हाईकाचे किती ते कोणालाच माहीत नसतं, आणि मध्ये निवडणूक लागली तर शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात, तारखा पुढे सरकतात. जी वस्तू कोणाला विकायची हे कायदा ठरवतो, तिला खेळतं भांडवल मानू नका.

म्हणून उद्या सकाळी पहिलं काम एकच. आजोबांचं परवान्याचं पुस्तक शोधा, त्यावरची नावं, क्रमांक आणि मुदत एका कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन परवाना शाखेत जा. भाव विचारायला त्यानंतर निघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.