गोगलगाय, पोटात पाय आणि तोंडात भाला

वार्षिकासाठी गोगलगायीवर लेख लिहिते आहे असे सांगितले तेव्हा वर्गातल्या मैत्रिणी खो-खो हसल्या. "अगं, आपण आर्टस्‌च्या. बेडूक-गांडुळं सायन्सवाल्यांना राहू देत की!" त्यांचे हसणे मला मान्य आहे. पण माझ्या विषयातली गोगलगाय आमच्या खिडकीत दहा वर्षे बसून आहे, त्यामुळे तिच्यावर लिहिण्याचा थोडासा हक्क मलाही पोचतो.

माझे वडील गणेश पेठेतल्या मासळी बाजारात हमाली करतात. मी चौथीत असताना बर्फाच्या एका पेटीत, मासळीच्या तळाशी, त्यांना एक शंख सापडला. भोवऱ्यासारखा निमुळता, फिकट अंगावर तपकिरी नक्षी. आईने तो धुऊन देवाच्या फळीवर ठेवला. तो फुंकून वाजेना, तेव्हा फळीवरून खिडकीत आला. याचे नाव काय, असे मी विचारले. आबा म्हणाले, "शंख. आणखी काय नाव असायचं?"

गेल्या वर्षी ग्रंथालयात एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात अगदी तशाच शंखाचे रंगीत चित्र दिसले आणि माझ्या छातीत धडधडू लागले. खाली नाव होते 'ग्लोरी ऑफ इंडिया', म्हणजे भारताचे वैभव! जगातले संग्राहक ज्याच्यासाठी जीव टाकत, तो हा शंख. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला बसले. (आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, इंग्रजी पुस्तक मला अजून असेच वाचावे लागते.) हा प्राणी तांबडा समुद्र, पूर्व आफ्रिका ते भारत एवढ्या टापूत, किनाऱ्यापासून दूर, पन्नास मीटरपासून दीडशे मीटर आणि त्याहूनही खोल पाण्यात राहतो. शंख पंधरा सेंटिमीटरच्याही पुढे वाढतो. त्याचा माथा देवळाच्या कळसासारखा पायरीपायरीने उंच जातो. तेवढे वाचले आणि आमच्या खिडकीकडे पाहिले. आमच्या शंखाचा माथा चपटा, बसका. वैभव आमच्या घरी आलेच नव्हते. तो त्याच्या गोतावळ्यातला कोणी साधा भाऊबंद असावा.

निराशा झाली, पण कुतूहल गेले नाही. त्याचे शास्त्रीय नाव आहे कोनस मिल्नेएडवर्डसी. १८९४ साली जुसोम नावाच्या फ्रेंच माणसाने एडनच्या नमुन्यावरून हे नाव ठेवले, मिल्न-एडवर्डस् या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ. एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्यातून चाले, हे आमच्या इतिहासाच्या पुस्तकात नाही. असायला हरकत नव्हती. पुढे टाउनसेंड या कप्तानाने अरबी समुद्रातून गोळा केलेल्या शंखांतही हा निघाला. हा गृहस्थ समुद्रातल्या तारायंत्राच्या तारा सांभाळणाऱ्या जहाजावर होता. त्या नमुन्याला १८९९ मध्ये इंग्लंडात आणखी एक लॅटिन नाव मिळाले. फ्रेंच माणसाच्या नावाने लॅटिन नाव, हिंदुस्थानच्या नावाने इंग्रजी नाव. ज्यांच्या जाळ्यात तो येतो त्यांच्या भाषेतले नाव मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडले नाही.

आपल्याकडे 'गोगलगाय नि पोटात पाय' म्हणतात, ते वरून गरीब दिसणाऱ्या बेरकी माणसाला. ही म्हण प्राणिशास्त्रालाही धरून आहे. या वर्गाला शास्त्रात उदरपादच म्हणतात. पण म्हण अपुरी आहे, कारण या कुळातल्या गोगलगायींच्या तोंडात भालाही असतो. त्यांचा दात पोकळ आणि काटेरी टोकाचा असतो. पाण्यातला वास घेत त्या सावकाश सरकतात, सोंड लांब करतात आणि विषाने भरलेला दात भक्ष्यात खुपसतात. एक दात एकदाच, मग पिशवीतला दुसरा पुढे येतो. काही जाती किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी, तर काही चक्क मासे. मासा काही क्षणांत लुळा पडतो. कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसेही दगावली आहेत.

या विषावर अमेरिकेत युटा विद्यापीठात बाल्डोमेरो ऑलिव्हेरा या फिलिपिनो शास्त्रज्ञाने काम केले. विषाचा एकेक घटक वेगळा करून उंदरांच्या मेंदूत टोचून पाहावा, ही कल्पना क्रेग क्लार्क या विद्यार्थ्याची. त्याचे वय तेव्हा एकोणीस, म्हणजे आज माझे आहे तेवढेच! एका घटकाने उंदीर झोपत, दुसऱ्याने अंग खाजवत सुटत. मायकेल मॅकिंटॉश हा तर अठरा वर्षांचा, नुकताच शाळेतून आलेला. त्याने कोनस मॅगस या जातीच्या विषातून जो घटक वेगळा केला, त्याचीच कृत्रिम नक्कल म्हणजे झिकोनोटाइड हे औषध. २००४ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. असह्य वेदनांच्या रुग्णांना ते पाठीच्या कण्यातून देतात. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. बलराम यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या जातींच्या विषाचा अभ्यास केला. तेव्हा नक्षीसाठी विकला जाणारा शंख म्हणजे एका कारखान्याचे रिकामे टरफल होय.

आता माझ्या मुद्द्यावर येते. २००१ साली सरकारने हा शंख वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातला, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवला. हे योग्यच झाले. पण पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. माझ्या मनात आले, आमच्या खिडकीतला शंख जर खरोखरच 'वैभव' निघाला असता तर? पहाटे तीनला उठणारा, दुसरी शिकलेला माणूस, पोरीला खेळायला म्हणून आणलेल्या वस्तूपायी गुन्हेगार ठरला असता. वाघ पाहिला की तो वाघ आहे हे कळते. हा शंख ओळखायचा कसा? आबा पंचवीस वर्षे बाजारात आहेत. असे एकही चित्र त्यांच्या नजरेस पडलेले नाही. कायद्याचे अज्ञान ही सबब होत नाही, असे नागरिकशास्त्रात शिकले. पण लॅटिनच्या अज्ञानाचे काय?

मी हे आबांना बोलून दाखवले. त्यांना पटले नाही. "नाव सांगितलंस की भाव येतो, पोरी. न्हाई ठावं तेच बरं. मला तवा कळलं असतं तर मी तो तुला खेळायला दिला असता व्हय?" या प्रश्नावर मी दोन दिवस गप्प होते. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. तरीही मला ते मान्य नाही. भाव ज्यांना ठाऊक हवा त्यांना तो कधीच ठाऊक आहे. अंधारात आहेत ते जाळे ओढणारे आणि पेट्या उतरवणारे.

तेव्हा मला वाटते, हे काम आपणा आर्टस्‌वाल्यांचेच आहे. आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे केंद्र आहे. तिथल्या जाणकारांना विचारावे, चित्रे काढावीत, साध्या मराठीत चार ओळी लिहाव्यात आणि ती पाने गणेश पेठेपासून हर्णै, मिरकरवाडा, ससून डॉकपर्यंत पोचवावीत. नावही आपणच द्यावे. मला 'कळसशंख' सुचले आहे. कोळी बांधवांजवळ याहून चांगले नाव असेल तर माझे खुशाल खोडावे.

पहिले चित्र मी काढले आहे. आबांनी ते हातात धरून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "लावतो काट्याजवळ. पर खाली 'विकणं गुन्हा हाय' हे मोठ्या अक्षरात लिही. मला वाचता यील एवढं मोठं."