शतकांचा हिशेब

खेळाडूची कारकीर्द छोटी असते. पस्तिशी-चाळिशीत निवृत्ती येते आणि पुढे निम्मे आयुष्य शिल्लक असते. मिळालेल्या नावाचे तेव्हा काय करायचे? सुनील गावस्करांनी दिलेले एक उत्तर आपल्या खारघरमध्ये पाहायला मिळते.

ताडदेवच्या चिखलवाडीत वाढलेला हा मुलगा १२५ कसोटी सामने खेळला आणि त्याने ३४ शतके काढली. कसोटीत दहा हजार धावांचा टप्पा त्याने जगात सर्वांत आधी गाठला, तो मार्च १९८७ मध्ये अहमदाबादला. त्याच वर्षी त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले. पण पुढची तयारी आधीच झाली होती. १९८५ मध्येच सुमेध शहांसोबत खेळाडूंचे व्यवहार पाहणारी कंपनी त्यांनी काढली होती. नंतर वर्तमानपत्रांतले स्तंभलेखन आणि टीव्हीवरचे समालोचन यांतून त्यांचा आवाज घराघरांत पोहोचला. सगळेच बेत तडीस गेले असे नाही. वांद्र्यात क्रिकेट अकादमीसाठी १९८८ मध्ये मिळालेला सरकारी भूखंड तसाच पडून राहिला आणि २०२२ मध्ये त्यांनी तो परत केला.

मुलगा रोहन १९९३ ची एक आठवण सांगतो. बॉम्बस्फोटांनंतरच्या दिवसांत जमावाने एका कुटुंबाला घेरल्याचे गावस्करांना गच्चीतून दिसले. ते धावत खाली गेले आणि म्हणाले, यांना काही करायचे असेल तर आधी मला करा. जमाव मागे हटला. त्या दिवशी त्यांचे नाव त्या कुटुंबाची ढाल झाले.

३४ कसोटी शतके आणि नागपूरला १९८७ च्या विश्वचषकात काढलेले एकदिवसीय शतक मिळून ३५ होतात. २०१९ मध्ये सत्तराव्या वाढदिवसाला त्यांनी ३५ मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचा खर्च उचलला आणि पुढच्या वर्षीही तेच केले. कोरोनाकाळात त्यांनी ५९ लाख रुपये दिले. त्यांतले ३५ लाख भारतासाठी काढलेल्या शतकांचे होते आणि २४ लाख मुंबईसाठी काढलेल्या शतकांचे.

या शस्त्रक्रिया होतात खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात. तिथे बिलाचा काउंटरच नाही. जात-धर्म न पाहता मुलांच्या हृदयावर मोफत उपचार होतात. ही गोष्ट प्रत्येक अम्मी-अब्बूंना ठाऊक असायला हवी, कारण हजार बाळांत साधारण आठ-नऊ बाळांना जन्मतःच हृदयाचा दोष असतो. दूध पिताना बाळाला धाप लागते, घाम फुटतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हापुन्हा होतो, ओठ-नखे निळसर दिसतात. अशा वेळी ‘नजर लागली’ किंवा ‘मोठा झाला की ठीक होईल’ म्हणून दिवस घालवू नका. काही दोष लवकर दुरुस्त केले नाहीत, तर पुढे शस्त्रक्रियाही करता येत नाही.

पैसे नाहीत म्हणूनही थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते. मूल खेळताना लवकर दमते, हे त्या दिवशी डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेजारच्या घरात असे बाळ असेल, तर दुआ कराच, पण त्याच्या आईला खारघरचा पत्ताही द्या. आणि तिला एकटीने जायला धीर होत नसेल, तर सोबत जा.