छाटणी करा, खोड कापू नका



ऑक्टोबर छाटणी उरकली, पेस्टिंग झालं, आता डोळे फुटायची वाट बघतोय. चार दिवस हात मोकळे आहेत म्हणून आज द्राक्षाऐवजी मोटरसायकलवर लिहितोय. पण विषय छाटणीचाच आहे, वाचा म्हणजे कळेल.

आमच्या दादाची जुनी स्प्लेंडर गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली तीन वर्षं उभी होती. दादा गेला आणि तिला कुणी हातच लावला नाही. यंदा बेंदराच्या आसपास पुतण्या म्हणाला, "काका, बाबांच्या गाडीचा बॉबर करतो." मोबाईलवर फोटो दाखवला. एक सीट, मागं आखूड मडगार्ड, जाड टायर, गाडी जमिनीला टेकल्यासारखी. खर्च विचारला तर म्हणाला अडतीस हजार. तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलेला आकडा.

माझं पहिलं उत्तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी दिलं असतं तेच होतं: "गाडी आहे तशी राहू दे." पण रात्री विचार केला. तशीच राहिली तर गंजूनच जाणार. पोराला बापाची गाडी चालवायची आहे, यात वाईट काय? म्हणून ठरवलं की करायचं, पण आधी समजून घ्यायचं.

बॉबर हा प्रकार अमेरिकेतला. 1930-40 च्या दशकात तिकडची पोरं शर्यतीसाठी गाडीचं वजन उतरवायला लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांनीही तेच केलं. लष्करातल्या हार्ले डब्ल्यूएलए, साधारण 740 सीसीच्या, युद्धानंतर लोकांच्या हाती आल्या. पुढचं मडगार्ड काढ, मागचं अर्धं काप, नको ते ओझं उतरव. शेपूट कापलेल्या जनावराला तिकडं 'बॉब' केलेलं म्हणतात, आपल्याकडं बांडं म्हणतो तसं. नाव तिथून आलं.

यातली गोम बघा. त्यांनी गाडीला काही लावलं नाही, काढलं. चासी तीच ठेवली. पुढचे पाईप लांबवून चासी कापायची पद्धत नंतरची, तिला चॉपर म्हणतात. मग बॉबर हा मुळात कमी खर्चाचाच प्रकार आहे. अडतीस हजार कशाला लागतात?

आणि खरं सांगू का, आपण हे आधीपासून करत आलोय. काळ्या रानात पावसाळ्यात पुढचं मडगार्ड आणि चाक यांच्यात चिखल बसला की चाक फिरत नाही. मग गडी काय करतो? पाना काढून मडगार्ड खोलतो, बांधावर टाकतो आणि पुढं जातो. फक्त त्याचा कुणी फोटो काढला नाही.

आता माझं मत. बॉबर करणं म्हणजे छाटणी. बागेत छाटणीला टोळी आणली तर आपण पहिल्यांदा काय सांगतो? काडी किती डोळ्यांवर घ्यायची, कुठली ठेवायची. ओलांड्याला कात्री लागली तर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी आपण बोलावत नाही. काडी पुढच्या हंगामात परत येते, ओलांडा परत करायला वर्ष जातं आणि खोड गेलं तर सगळंच गेलं. गाडीतही तसंच आहे. मडगार्ड, साईड पॅनल, सीट, लेगगार्ड ही काडी. चिमटा आणि शॉकअपचे कान हा ओलांडा. चासी म्हणजे खोड.

शेजारच्या गावातल्या एका पोरानं खोडालाच ग्राइंडर लावला. मागची चासी कापून गोल वाकवलेला पाईप वेल्डिंग करून घेतला. दिसायला झकास. दोन महिन्यांनी कॅनॉलच्या रस्त्यावर खड्ड्यात आपटली आणि शॉकअपच्या कानाजवळ तुटली. गळ्याजवळचं हाड मोडलं, जीव वाचला. तो तुकडा मी बघितला. वेल्डिंग शाबूत होतं, त्याच्या शेजारचा पाईप तुटला होता. कल्टिव्हेटरचा फण जोडून आणल्यावर तो पुन्हा कुठं तुटतो? जोडाला लागूनच. तापलेली जागा कमजोर होते. फणाच्या जाड लोखंडाचं असं होतं, तर मोटरसायकलच्या पातळ पाईपचं काय होणार? आणि फण तुटला तर रानात तास चुकतं, चासी तुटली तर माणूस पडतो.

जाड टायरचंही तसंच. या गाडीला 2.75-18 चा टायर आहे. त्याजागी दुप्पट रुंदीचा घालायचा तर रिम बदला, चिमटा कापून रुंद करा, मग चेनची लाईन चुकते. 97 सीसीच्या इंजिनानं ते ओढायचं कसं? ॲव्हरेज जातं, गाडी वळणाला जड होते. शॉकअप आखूड करून गाडी खाली बसवली तर ट्रॅक्टरच्या चाकोरीतला मधला उंचवटा इंजिनाच्या बुडाला लागतो. फोटोतली गाडी डांबरी रस्त्यावर उभी असते, आपली पाणंदीतून जाते.

कायदाही बघून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं करू नये. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आरसीवर दोन सीट असतील तर कायमची एक करून चालत नाही. मागं माणूस बसणार असेल तर धरायला कडी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाला साडीगार्ड पाहिजे, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम आहे. गाडीचं पहिलं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, पुढं दर 5 वर्षांनी नूतनीकरण. त्या तपासणीला गाडी रोज चालवतो तशीच नेता आली पाहिजे. आणि आमच्यासारखं मालक वारलेले असतील तर सगळ्यात आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करा. आम्ही तीन वर्षं झोपलो होतो. आधी ते काम केलं, मग पाना हातात घेतला.

आमचा हिशेब असा झाला. टायर-ट्यूब जोडी, साईज तीच पण खोल नक्षीची, 3200. चेनकिट 1100. दोन्ही ब्रेक शू 400. कोनसेट 450. वायरिंग 600. इथवर 5750 गेले आणि गाडी दिसायला होती तशीच. पुतण्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, बाबा, आधी मुळी, मग शेंडा. मग भंगारातून मागचं मडगार्ड 250 ला आणून तेच कापलं. मूळचं तेल लावून माळ्यावर टांगलंय. कापतानाही चिखल पाठीवर येणार नाही एवढी लांबी ठेवली. नंबरप्लेट, मागचा दिवा, रिफ्लेक्टर, इंडिकेटर सगळं जागेवर. जुन्याच सीटच्या पत्र्यावर कुशनवाल्यानं नवी सीट बांधून दिली, 900. पुढची प्लास्टिकची डूम काढली, तिच्याजागी जुना गोल हेडलाईट बसवला, तो मित्रानं फुकट दिला. रंग 1800, काळाच, कारण आरसीवर काळाच आहे. एकूण 8700. चासीला ग्राइंडर लागला नाही आणि वेल्डिंगचा एक ठिपकाही नाही.

सीटवरून मात्र घरात वाद झाला. पुतण्याला एकच सीट पाहिजे होती. वहिनी इतके दिवस गप्प होत्या. त्या दिवशी चहा देताना एवढंच म्हणाल्या, "भावजी, मागं बसाय जागा ठेवणार हाय का नाय? त्यांच्यामागं बसूनच मी रानात जायची."

पोरगं काही बोललं नाही. संध्याकाळी स्वतःच कुशनवाल्याकडं गेलं आणि सीट दोन भागांत करून आणली. पुढचा भाग पसरट, मागचा छोटा, दोन बोल्टवर बसणारा. मोठ्या कंपनीनंही हेच केलंय. रॉयल एनफिल्डनं 2024 मध्ये गोअन क्लासिक 350 हा तयार बॉबर आणला, त्याची मागची सीटही काढता-घालता येते. आमच्या घरात बोल्ट लावलेलेच आहेत, अजून कुणी काढले नाहीत.

शेतातली मोटरसायकल ही एकट्याची वस्तू नसते. तिच्यावर भाकरीची पाटी जाते, दुधाचं कॅन जातं, युरियाचं पोतं जातं, दवाखान्यात जाणारी आई जाते. शहरातल्या पोरानं एकट्यापुरती गाडी केली तर त्याच्या घरी दुसरी असते. आपल्याकडं बहुतेक घरांत हीच एक असते. म्हणून पोरांना माझं सांगणं आहे की हौस करा, पण बोल्टनं निघेल आणि बोल्टनं परत बसेल एवढीच करा. आणि वडीलधाऱ्यांना सांगणं आहे की सरसकट नाही म्हणू नका. नाही म्हटलं तर पोरगं आपल्यामागं ग्राइंडरवाल्याकडं जातं. त्याच्या शेजारी बसा, पाना द्या, आणि काय कापायचं नाही ते दाखवा. छाटणी आपण त्याला अशीच शिकवली ना?

काल सकाळी वहिनी डबा घेऊन मागं बसल्या आणि गाडी बागेकडं गेली. आवाज तोच जुना होता. मी गोठ्यातून ऐकला आणि क्षणभर वाटलं, दादाच चाललाय.

डोळे फुटले की पुढची नोंद बागेची. राम राम.