तीनशे घोडे आणि एक पंप

लक्झरी कारचा मालक तक्रार करायला लागला की आपल्याकडे लोक गालातल्या गालात हसतात. ‘पैसे जास्त झालेत लेकाला!’ असा एकूण भाव. पण मंडळी, भरधाव रस्त्यावर गाडीचा जीव गेला, तर ती किती लाखांची आहे हे मागून येणाऱ्या ट्रकला माहीत नसतं.

अमेरिकेतलीच गोष्ट घ्या. बीएमडब्ल्यूचं ‘एन ५४’ हे तीन लिटरचं ट्विन टर्बो पेट्रोल इंजिन २००६ मध्ये ३३५आय या मॉडेलमध्ये आलं. हॉर्सपॉवर ३००! २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’चा किताब पटकावला. मोटारवेडे एकदम फिदा. मालक मात्र वेगळंच सांगत होते. स्टार्टर मारला की गाडी चालू व्हायला रेंगाळते. हायवेवर ओव्हरटेक करायला जावं, तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि... फुस्स!

दोषी होता हाय प्रेशर फ्युएल पंप. आपल्या टायरमध्ये हवेचा दाब असतो दोन-सव्वादोन बार. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तेही २०० बारपर्यंतच्या दाबानं. पंपानं दगा दिला की दाब पडतो आणि इंजिन सांभाळणारा कम्प्युटर ताकद छाटून टाकतो. याला म्हणतात ‘लिम्प मोड’, म्हणजे लंगडी चाल. इंजिन वाचवायला केलेली ही सोय. पण नेमक्या ओव्हरटेकच्या क्षणी तीच जिवावर बेतू शकते.

मालकांनी तिथल्या सरकारी वाहन सुरक्षा यंत्रणेकडे तक्रारी नोंदवल्या. शेवटी ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीनं हे इंजिन असलेल्या सुमारे १,३०,००० गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. पंपाची वॉरंटीही १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली गेली.

आता आपल्याकडे या. माझ्या ऑफिसमधल्या मित्रानं सहा वर्षं जुनी जर्मन सेदान घेतली, नव्या मिड-साइझ गाडीच्या भावात. खंडाळ्याच्या चढावर तिनं दोनदा मान टाकली. बंद करून परत चालू केली की एकदम शहाणी! सर्व्हिस सेंटरचं ठरलेलं उत्तर : ‘सर, ट्रायल घेतली, ओके आहे.’ अशा तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी मी सोबत गेलो. स्कॅनर लावून गाडी चढावर, पूर्ण लोडवर चालवून बघा, असा हट्ट धरला. दाब पडताना स्क्रीनवर स्पष्ट दिसला. पंपच! पण तोवर वॉरंटी संपून दीड महिना झाला होता. पहिली तक्रार वॉरंटीतलीच ना? मग जॉबकार्ड काढली. तिन्हींवर एकच शब्द : ‘जनरल चेकअप’. म्हणजे कागदोपत्री ही गाडी कधी बंदच पडली नव्हती! बिल अर्थात मित्राच्या माथी.

म्हणून सांगतो, जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. तारीख, वेळ, स्पीड, चढ होता की सपाट रस्ता, एसी चालू होता का, सगळं. डॅशबोर्डवरच्या दिव्याचा फोटो शेजारी बसलेल्याला काढायला सांगा. नोंद बघितल्याशिवाय सही करू नका आणि कॉपी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

कायदाही आता पूर्वीइतका झोपलेला नाही. १ एप्रिल २०२१ पासून भारतात सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांच्या सुरक्षेशी संबंधित दोषांना ते लागू होतात आणि कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण या नियमांत तक्रारींची संख्या मोजली जाते, बॉस! चहाच्या टपरीवर कंपनीला घातलेल्या शिव्या त्यात धरत नाहीत.

तेव्हा घोडे तीनशे असोत की साठ, ग्लोव्ह बॉक्समध्ये एक पेन ठेवाच.